‘ओटीपी तुम्हीच दिलात’ हे उत्तर पुरेसे नाही : नागरी सहकारी बँकांच्या संचालक मंडळांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकांचे मा. अध्यक्ष, संचालक मंडळाचे सदस्य आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी अनेक वर्षे एका नागरी सहकारी बँकेचा सभासद आहे आणि अशाच दुसऱ्या एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालेलो आहे. मागच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवालवाचन झाले, लाभांश जाहीर झाला आणि चहाची वेळ जवळ आली असताना एका ज्येष्ठ सभासद बाईंनी उभे राहून आपल्या खात्यातून परस्पर गेलेल्या पैशांविषयी विचारले. व्यासपीठावरून उत्तर आले, “ताई, ओटीपी तुम्हीच दिलात, त्याला बँक काय करणार?” मागच्या रांगांमधून हसू उमटले, बाई खाली बसल्या आणि सभा पुढच्या विषयाकडे वळली. नोकरीत असताना हेच उत्तर मी काउंटरपलीकडे उभ्या असलेल्या माणसांना कित्येकदा दिलेले आहे, त्यामुळे त्या हसण्याशी माझा जुना संबंध आहे. ते उत्तर बहुतेक वेळा अपुरे असते आणि पुष्कळदा चक्क खोटे असते, हे मला फार उशिरा कळले, म्हणून हे पत्र.

सभेनंतर मी बाईंशी बोललो. त्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि त्यांनी ओटीपी कोणालाही सांगितलेला नव्हता. लग्नसराईत ओळखीच्या एका क्रमांकावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. ती उघडताना फोनने अज्ञात स्रोतावरून आलेले ॲप घेण्याची परवानगी मागितली, बाईंनी ती दिली, पत्रिका काही दिसली नाही आणि त्यांनी तो नाद सोडून दिला. आलेली फाइल चित्र नव्हती आणि पीडीएफही नव्हती. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही तीन अक्षरे होती, म्हणजे ते अँड्रॉइड फोनवर चालणारे ॲप होते. अशा ॲपला एसएमएस वाचण्याची परवानगी एकदा मिळाली की फोनवर येणारा प्रत्येक संदेश ते चोराकडे निमूटपणे पोचवत राहते. दुसऱ्या दिवशी त्याच ॲपने बँकेचे बोधचिन्ह असलेले पान दाखवून केवायसी अपूर्ण असल्याचे सांगितले आणि ग्राहक क्रमांक, कार्डाचा तपशील व जन्मतारीख मागून घेतली. त्या रात्री बाई झोपेत असताना ओटीपी आले आणि फोनने ते स्वतःच पुढे पाठवले. ज्या ओळखीच्या क्रमांकावरून पत्रिका आली होती, त्याच्या मालकाचा फोन आदल्या आठवड्यातच याच पद्धतीने चोरांच्या ताब्यात गेलेला होता. लग्नसराई नसेल तेव्हा हीच फाइल वाहतूक चलानाच्या, वीजबिलाच्या किंवा पीएम किसानच्या नावाने येते.

या प्रकरणात ‘तुम्हीच दिलात’ हे क्रियापद कोठे बसते, ते आपण मला सांगावे. बाईंनी चुकीची फाइल उघडली हे खरे आहे. परंतु एका अनोळखी उपकरणावरून मध्यरात्री प्रथमच झालेला प्रवेश, लगोलग जोडलेला नवा लाभार्थी आणि त्याला सलग गेलेल्या मोठ्या रकमा, एवढे सगळे बँकेच्या यंत्रणेने बिनतक्रार पुढे जाऊ दिले, हेही तितकेच खरे आहे. जुन्या काळी असा धनादेश काउंटरवर आला असता, तर आमच्या पासिंग अधिकाऱ्याने सहीचा नमुना काढून दोनदा पाहिला असता आणि तरीही शंका राहिली तर खातेदाराच्या घरी शिपाई पाठवला असता.

मराठीत पासवर्डला आपण परवलीचा शब्द म्हणतो. येणारा माणूस आपला आहे की परका, हे पहारेकऱ्याने ओळखावे यासाठी परवल असे. पहारेकरी खरा आहे का, हे मात्र येणारा कधी विचारत नसे, कारण समोर गडाचा दरवाजा उभा असे आणि दरवाजा काही खोटा उभारता येत नसे. इंटरनेटवर नेमका दरवाजाच खोटा उभारता येतो आणि ज्याला फिशिंग म्हणतात ती चोरी एवढ्या एका गोष्टीवर चालते. पानिपतानंतर निघालेल्या भाऊसाहेबांच्या तोतयाचे प्रकरण मिटायला १७७६ साल उजाडले. बँकेच्या संकेतस्थळाचा तोतया एका दुपारी तयार होतो आणि दुसऱ्या दुपारी नाहीसा होतो.

मग खरा दरवाजा कसा ओळखावा, हे ग्राहकाला कोणी शिकवायचे? संकेतस्थळाचा पत्ता, सुरुवातीचे ‘https://’ वगळून, पहिल्या तिरक्या रेघेपर्यंत घ्यायचा आणि तो उजवीकडून डावीकडे वाचायचा, एवढेच ते शास्त्र आहे. आपल्या नावांत जसे आडनाव शेवटी येते आणि घराणे त्यावरून कळते, तसेच पत्त्याचे घराणे शेवटी असते. डाव्या बाजूला बँकेचे नाव तीनदा लिहिलेले असले तरी शेवट परका असेल तर ते स्थळ परके. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या शेवटाखाली नेण्यास सांगितले आणि तो शेवट देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवला. म्हणजे चोराला सहजी मिळणार नाही असे आडनाव उपलब्ध झाले. ग्राहकाच्या दृष्टीने अलीकडच्या काळातला हा सर्वांत उपयोगी बदल होता, असे माझे मत आहे. परंतु माझ्या पासबुकाच्या पाठीवर जुनाच पत्ता छापलेला आहे, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तोच आहे, शाखेतल्या फलकावरही तोच आहे आणि नव्या पत्त्याबद्दल मला बँकेकडून एका ओळीची सूचना आलेली नाही. ज्या खुणेने खरे-खोटे ओळखायचे ती खूणच सभासदांना कळवली नाही, तर ती असून नसल्यासारखी आहे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, चोराला हव्या त्या सवयी ग्राहकाला आपणच लावतो. शाखेतील कर्मचारी खासगी मोबाइलवरून फोन करतात, केवायसीची मुदत संपत असल्याचे सांगतात आणि आधार व पॅनची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगतात. हेतू चांगला असतो, वृद्ध ग्राहकाचा हेलपाटा वाचतो. मात्र दुसऱ्या महिन्यात तोच फोन, तेच वाक्य आणि तीच घाई घेऊन चोर येतो तेव्हा ग्राहकाने फरक कशावरून करायचा? रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले की, व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत. दूरसंचार नियामकाने १ ऑक्टोबर २०२४ पासून आधी नोंदवून न घेतलेल्या लिंक असलेले व्यावसायिक एसएमएस अडवण्याचा नियम लागू केला. या दोन्ही तटबंदींना व्हॉट्सॲप हे भगदाड आहे, आणि बँकेचा माणूसच त्या भगदाडातून ये-जा करू लागला तर तटबंदीचा उपयोग उरत नाही. शाखेने व्हॉट्सॲपवर कागदपत्रे मागायची नाहीत, असा ठराव एका बैठकीत होऊ शकतो आणि त्याला एक रुपयाही खर्च येत नाही.

आता ओटीपीविषयी. ओटीपी तोंडाने न सांगताही जातो, याचा दुसरा प्रकार आपल्यापैकी काहींना ठाऊक नसेल. बनावट संकेतस्थळ हल्ली नुसते पान राहिलेले नाही; ते ग्राहक आणि खरी बँक यांच्यामध्ये दलालासारखे बसते. ग्राहकाने टाकलेले नाव आणि पासवर्ड ते त्याच क्षणी खऱ्या बँकेत टाकते, खरी बँक खरा ओटीपी ग्राहकाला पाठवते, ग्राहक तो समोरच्या पानावर भरतो आणि काही सेकंदांत चोर आत असतो. ग्राहकाने सर्व सूचना पाळलेल्या असतात, ओटीपी कोणाला सांगितलेला नसतो आणि संदेशही खऱ्या बँकेकडूनच आलेला असतो. या प्रकाराला ‘जागरूक राहा’ या भित्तिपत्रकाने उत्तर मिळत नाही; त्याला उत्तर पासकीसारख्या व्यवस्थेत आहे, जिच्यात गुप्त किल्ली ग्राहकाकडेच राहते आणि ज्या पत्त्यासाठी ती तयार झाली त्याच पत्त्यापुढे चालते. तोतया स्थळापुढे ती हलतच नाही, मग माणूस कितीही फसलेला असो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या आणि १ एप्रिल २०२६ पासून लागू केलेल्या निर्देशांत एसएमएसच्या ओटीपीखेरीज अन्य मार्ग स्वीकारण्यास वाव दिलेला आहे, आणि निर्देश न पाळता झालेल्या व्यवहारातील नुकसान ग्राहकाला पूर्ण भरून द्यावे लागेल असेही म्हटलेले आहे. लहान बँकांना स्वतःची यंत्रणा उभारणे परवडत नाही, हे मी जाणतो. तथापि आपण कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांचे व्यवहार चालवणारी संगणक प्रणाली, ज्या कंपनीकडून भाड्याने घेता, तिच्या कराराच्या नूतनीकरणात ही अट घालणे आपल्याच हाती आहे, आणि दहा-वीस बँकांनी एकत्र मागणी केली तर कंपनीला ऐकावेच लागेल. सहकाराचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

पासवर्डच्या नियमांबाबतही मला सविस्तर लिहायचे आहे, कारण तेथे आपण सद्‌हेतूने नुकसान करत आहोत. पुष्कळ पासवर्ड ग्राहकाकडून चोरीला जातच नाहीत. ते दुसऱ्या कोणत्या तरी संकेतस्थळाच्या साठ्यातून जातात. २००९ साली रॉकयू या कंपनीचे सव्वातीन कोटींच्या आसपास पासवर्ड बाहेर पडले आणि ते जसेच्या तसे, वाचता येतील असे साठवलेले होते. त्यांत सर्वांत जास्त वेळा आढळलेला पासवर्ड होता १२३४५६. लिंक्डइनच्या २०१२ मधील चोरीतील अकरा कोटींहून अधिक खात्यांचा तपशील २०१६ साली विक्रीला आला. तेथे पासवर्डऐवजी त्यांचे गणिती ठसे साठवलेले होते, परंतु ठसा काढण्याआधी प्रत्येक खात्याच्या पासवर्डात जी वेगळी भर घालायला हवी ती घातलेली नव्हती, त्यामुळे एकसारख्या पासवर्डांचे ठसे एकसारखेच निघाले आणि ते उलगडणे सोपे गेले. चोर असे साठे घेतात आणि तीच नाव-पासवर्डची जोडी ईमेल, बँक, दुकान अशा प्रत्येक ठिकाणी यंत्राकरवी चालवून पाहतात. ज्याने सगळीकडे एकच पासवर्ड ठेवला आहे, त्याचे बँकेचे कुलूप त्याने कधीकाळी तिकिटांसाठी किंवा कपड्यांसाठी उघडलेल्या खात्यातून निघते.

यावर उपाय म्हणजे लांबलचक आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा पासवर्ड, जो माणसाच्या डोक्यात राहणार नाही आणि म्हणून वहीत किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या ॲपमध्ये, ठेवावा लागेल. आपल्या पानावर मात्र पासवर्ड पेस्ट करायला बंदी असते, कमाल लांबी बारा अक्षरे असते, एक मोठे अक्षर, एक अंक आणि एक चिन्ह यांची सक्ती असते आणि दर नव्वद दिवसांनी तो बदलावा लागतो. असा नियम पुढे आला की माणूस काय करतो, हे मी संगणक विभागात बसून वर्षानुवर्षे पाहिले आहे: देवाचे नाव, ‘ॲट’चे चिन्ह, १२३, तीन महिन्यांनी तेच नाव, तेच चिन्ह, १२४. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेसाठी अशा नियमांचा मूळ मसुदा २००३ साली लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला आणि त्याच वर्षी त्या संस्थेने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलण्याची सक्ती करू नये, चोरी झाल्याचा पुरावा असेल तेव्हाच बदलायला लावावे, असे सुधारित मार्गदर्शन दिले. नियम करणाऱ्याने तो मागे घेतला तरी आपल्या पानावर तो अजून नांदतो आहे.

आणखी एका खोडीचा उल्लेख करतो. महिन्याचे खातेउतारे ईमेलने पाठवताना त्यांना नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मतारीख असा पासवर्ड लावतात, आणि पासवर्ड विसरल्यास आईचे माहेरचे आडनाव विचारतात. आपल्या गावांतल्या चौकांत वाढदिवसाचे फ्लेक्स लागतात, त्यांवर नाव, तारीख आणि छायाचित्र असते. मामाकडची मंडळी कोण, हे लग्नपत्रिकेत सविस्तर छापलेले असते. जे चौकात टांगलेले आहे, ते गुपित म्हणून बँकेने वापरू नये.

सिमकार्ड बदलून घेऊन ओटीपी पळवण्याच्या प्रकाराला दूरसंचार नियामकाने १ जुलै २०२४ पासून थोडा आळा घातला. सिम बदलल्यावर सात दिवस क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही. ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्ड आणि चालू सत्राच्या खुणा (ज्यांच्यामुळे पुन्हा पासवर्ड न विचारता प्रवेश मिळतो) उचलून नेणारे मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, बहुधा फुकट मिळवलेल्या, कुलूप तोडलेल्या सॉफ्टवेअरबरोबर संगणकात येते. याविषयी मी अधिक लिहीत नाही, फक्त शाखांमधील संगणकांवर असे एकही सॉफ्टवेअर नाही ना, हे आपण एकदा प्रत्यक्ष जाऊन तपासावे.

कारण ग्राहकाइतकाच बँकेचा कर्मचारीही लक्ष्य असतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाला गेले. त्याची सुरुवात कर्मचाऱ्यांना आलेल्या नोकरीच्या अर्जाच्या ईमेलपासून झाली. आत शिरलेल्या चोरांनी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश यंत्रणेवर काम करणाऱ्यांची प्रवेशाची माहिती मिळवली आणि त्यांच्याच नावाने सुमारे ९५ कोटी डॉलरच्या आज्ञा पाठवल्या. त्यांतली दोन कोटी डॉलरची एक आज्ञा ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकल्याने अडली. शुद्धलेखनाने एवढे पैसे वाचवल्याचे दुसरे उदाहरण मला माहीत नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला हल्ला आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. मालवेअरच्या साहाय्याने एटीएमच्या खऱ्या मंजुरी यंत्रणेला बगल देण्यात आली, २८ देशांतून पैसे काढले गेले आणि स्विफ्टमार्फत हाँगकाँगला गेलेली रक्कम धरून नुकसान ९४ कोटी रुपयांच्या वर गेले. एटीएममधून पैसे काढले गेले तो ११ ऑगस्ट, म्हणजे दुसरा शनिवार होता. बांगलादेशातील चोरीही साप्ताहिक सुटीच्या तोंडावरच झाली होती.

आपल्या शाखांत काय चालते, ते मी आतून पाहिलेले आहे. नोंद एकाने करावी आणि मंजुरी दुसऱ्याने द्यावी, हा नियम कागदावर असतो. प्रत्यक्षात अधिकारी रजेवर जाताना आपला पासवर्ड कारकुनाला सांगून जातात, कारण काउंटरवर रांग थांबत नाही. कीबोर्डाखाली चिकटवलेली चिठ्ठी तर मी स्वतः अनेकदा काढून फाडली आहे. अशा शाखेतून ग्राहकाला ‘पासवर्ड कोणालाही सांगू नका’ असा संदेश जातो, तेव्हा तो पाठवणाऱ्याच्याही गळी उतरलेला नसतो.

शेवटी जबाबदारीचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये, आधी व्यापारी बँकांसाठी आणि डिसेंबरात सहकारी बँकांसाठी, अनधिकृत व्यवहारांविषयी तत्त्व घालून दिले की ग्राहकाची चूक सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. बँकेचा हलगर्जीपणा असेल तर ग्राहकाचे दायित्व शून्य. दोष बँकेचा किंवा ग्राहकाचा नसून तिसरीकडे असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. ‘तुम्हीच दिलात’ हे वाक्य व्यासपीठावरून उच्चारताना हा भार आपण एका दमात ग्राहकाच्या खांद्यावर टाकतो, तोही कोणतीही चौकशी न करता. त्याच परिपत्रकांनी तक्रार चोवीस तास घेण्याची सोय करायला सांगितली होती. त्या शिक्षिका बाईंनी सकाळी उठून पैसे गेल्याचे पाहिले तो चौथा शनिवार होता. शाखा बंद, पासबुकावरच्या क्रमांकावर घंटी वाजत राहिली, आणि १९३० ही सायबर फसवणुकीच्या तक्रारींची राष्ट्रीय मदतवाहिनी आहे हे त्यांना शेजारच्या मुलाने दुपारी सांगितले. तोपर्यंत रक्कम तीन-चार खात्यांतून फिरून गेलेली होती.

म्हणून माझी विनंती अशी आहे. सुटीच्या दिवशीही माणूस उचलेल असा एक क्रमांक ठेवावा आणि तो १९३० सोबत पासबुकाच्या पहिल्या पानावर ठळक छापावा. नव्या उपकरणावरून प्रवेश झाल्यावर जोडलेल्या लाभार्थ्याला पहिले चोवीस तास मोठी रक्कम जाऊ देऊ नये. एखाद्या खऱ्या ग्राहकाची अडचण होईल, ती होऊ द्यावी. आणि पुढच्या वार्षिक अहवालात, जेथे शाखांच्या उद्घाटनांची छायाचित्रे येतात तेथेच, वर्षभरात अनधिकृत व्यवहारांच्या किती तक्रारी आल्या, त्यांपैकी कितींची चौकशी कोणत्या मार्गाने झाली आणि किती सभासदांना पैसे परत मिळाले, हे आकडे द्यावेत. आगामी सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय ‘आयत्या वेळी येणारे विषय’ या शेवटच्या ओळीत न ढकलता स्वतंत्र क्रमांकाने आणि चहाच्या आधी घ्यावा.

कळावे,
आपला,
एक सभासद आणि निवृत्त बँक कर्मचारी
पुणे